अ‍ॅप हवेच, पण माणसाच्या साथीने

युद्धावरून परतलेला सैनिक मदत मागायला कचरतो, त्यामागे बऱ्याचदा आपले नाव कुठेतरी नोंदले जाईल ही धास्ती असते. म्हणूनच अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने 2011 मध्ये आणलेले ‘पीटीएसडी कोच’ (पीटीएसडी म्हणजे आघातानंतरचा तणाव-विकार) हे मोफत अ‍ॅप मला मोलाचे वाटते. त्यात खाते उघडावे लागत नाही. रात्री दचकून जाग आली, की पडद्यावरच्या तापमापकावर अस्वस्थता 0 ते 10 मध्ये नोंदवायची. मग अ‍ॅप संथ श्वसनासारखा एखादा उपाय सुचवते.

एवढ्याने मनावरचा आघात भरून निघतो का, हा आक्षेप रास्त आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 120 आघातग्रस्तांच्या चाचणीत प्रतीक्षायादीतल्यांपेक्षा अ‍ॅप वापरणाऱ्यांची लक्षणे अधिक घटली. मात्र ती चाचणी खास माजी सैनिकांवरची नव्हती. माजी सैनिकांवरचा एक अभ्यास अवघ्या 20 जणांचा, तरी बोलका आहे: नुसते अ‍ॅप हाती दिलेल्यांपेक्षा त्यासोबत तज्ज्ञाची साथ मिळालेल्यांपैकी अधिक जण सुधारले आणि पुढच्या उपचारांनाही राजी झाले. मग अ‍ॅप कशाला? कारण दवाखान्याची पायरी न चढणाराही फोन उघडतो. पण अ‍ॅप स्वस्त पडते म्हणून समुपदेशकांची पदे कमी करणे हा सैनिकांवर उघड अन्याय ठरेल. सरकारने अ‍ॅप जरूर द्यावे, आणि त्यामागे बोलायला माणूसही नेमावा.