हेड खोलण्यापूर्वी

कोपरखैरण्याहून एका भगिनीने विचारले आहे, ‘आमची शंभर सीसीची जुनी मोटरसायकल निळा धूर सोडते, ऑइलही कमी होते. गॅरेजवाला म्हणतो, हाफ इंजिन करावे लागेल. हे म्हणतात, घरीच करतो. पण ह्यांना पहाटे तुर्भ्याच्या बाजारात पोचावे लागते. गाडी अडकली तर रोज बुडायचा. करू द्यावे का?’

ताई, करू द्या, पण अर्धेच. कोणते अर्धे, ते गाडी खोलण्यापूर्वी ठरवा.

हाफ इंजिन म्हणजे इंजिनाचा वरचा भाग: हेड, व्हॉल्व्ह, ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेने निघते अन् शिट्टी होत नाही, तसेच इथे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की दाब निसटतो, गाडीची ओढ जाते आणि ऑइल वर चढून जळते. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्येच ऑइल जाई, तेव्हा धूर रोजचाच. फोर-स्ट्रोकमध्ये निळा धूर हे दुखणेच. थंडीतल्या सकाळी दिसणारा पांढरा धूर मात्र नुसती वाफ असते, थोड्या वेळात जातो.

आधी एक सोपी परीक्षा करा. किल्ली बंद ठेवून प्लग काढा, भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, प्लग लावून किक हाताने दाबून पाहा. किक आधीपेक्षा जड लागली तर दोष बहुधा रिंगांचा. फरक पडला नाही तर व्हॉल्व्हकडे संशय घ्या. नुसता व्हॉल्व्हचा दोष निघाला तर ब्लॉक बोअर करण्याचा खर्च वाचतो. मात्र १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला, किंवा वॉरंटी असलेल्या गाडीला, घरी हात लावू नये.

घरी होण्यासारखे काम म्हणजे खोलणे, पुसणे, कार्बन काढणे आणि पुन्हा जोडणे. ब्लॉक बोअर करणे, व्हॉल्व्हची बैठक नीट करणे हे लेथवाल्याचे काम. बोअरचा झिजलेला आकार मोजायलाही त्याच्याकडचीच मापे लागतात. म्हणून आधी त्याला भेटून ब्लॉक किती दिवसांत मिळेल ते विचारा. पिस्टन, रिंगा, पॅकिंग आणि व्हॉल्व्हची सीले आणून ठेवा. त्या दिवसांत कामावर कसे जायचे तेही ठरवा. पहाटेची रेल्वे वेळेवर मिळत नसेल तर शेजारच्यांबरोबर जाण्याचे बोलून ठेवावे. घरचा खरा खर्च इथेच वाचतो, पान्यात नव्हे.

जागा गॅलरी किंवा अंगण, स्वयंपाकघर मुळीच नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते. गॅस किंवा देव्हाऱ्यातली समई दूर असली तरी भडका उडू शकतो. टाकी आधी काढून बाहेर ठेवा. भाग धुवायला पेट्रोल नको, डिझेल घ्या. स्वयंपाकाची परात त्यासाठी देऊ नका. जुन्या ऑइलाने कातडीला अपाय होतो, हातमोजे घाला.

एकेक नट काढला की चिठ्ठी लावून डब्यात. ब्लॉक काढताच खालच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबा. गजन पिनचे बारीक लॉक आत पडले तर पूर्ण इंजिन उघडावे लागते, म्हणजे हाफचे फुल! टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा, नाहीतर तीही आत घसरते.

जोडताना चार गोष्टी विसरू नयेत. रिंगेवरचे अक्षर वर, रिंगांची तोंडे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. पिस्टनची खूण कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या बाजूला. टायमिंगच्या खुणा जुळल्याशिवाय किक मारू नये, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. हेडचे नट आडवे-तिडवे, थोडे थोडे, टॉर्क पान्याने आवळावेत.

नवी रिंग बसली की पहिले ५०० किलोमीटर डबलसीट, चढ आणि भरधाव टाळा, मग ऑइल बदला. काढलेले ऑइल मोरीत ओतू नका. कोपरखैरण्याचे नाले ठाणे खाडीला मिळतात. तिथला किनारा २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर यादीत गेला. डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

आणि अर्ध्यावर मन डगमगले, लॉक सापडेना की खुणा जुळेनात, तर कमीपणा न मानता डबे आणि चिठ्ठ्यांसह गाडी गॅरेजात पाठवा. नीट मांडलेले सुटे भाग कोणताही कारागीर आनंदाने हाती घेतो.