अस्थिर कोण?

मंत्रिमंडळ डळमळलं की पेपरवाले ठळक छापतात : अस्थिरता! आणि मुंबईच्या गिरण्यांत कुणी गैरहजर असला तरच ज्याला आत घेत, त्या गड्याला काय म्हणत? बदली. माझ्या सूतगिरणीत आता म्हणतात कंत्राटी. खुर्ची हलली तर देश अस्थिर, चूल हलली तर कामगार बदली. ही शब्दांची लबाडी हाय दोस्तांनो!

आमचा आजा-पणजा तर स्थिरच होता. गावकुसाबाहेर जागा स्थिर, मेलेलं ढोर ओढायचं काम स्थिर, शिवी स्थिर. मुंबईच्या गिरणीतही सूत तोंडानं ओढावं लागतं, विटाळ होतो, म्हणून साचेखातं आपल्याला बंद. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी तो प्रश्न लावून धरला. त्याआधी 20 मार्च 1927 ला महाडचं चवदार तळं त्यांनी हलवलंच होतं.

तेव्हा स्थैर्य मागणाऱ्याला विचारा, कुणाचं? पोटाला स्थैर्य पाहिजेच, हजेरीबुकात कायम नाव पाहिजे. जातीच्या उतरंडीला एक दिवसाचंही देऊ नका. एका जागी न बसणाऱ्या पोराला आई चळवळ्या म्हणते. चळणं त्यातच आहे. आपल्या कामालाही तोच शब्द : चळवळ.

उतरंड चळेपर्यंत चळवळे राहा!