विडी ओढणारा व्यसनी, सिगारेट ओढणारा शौकीन?

दरवर्षी ३१ मे जवळ आला की आपल्याकडे तंबाखूविरोधी फेऱ्या निघतात, व्याख्याने होतात. पण कुठे? हमालांच्या वस्तीत, विटभट्टीवर, विडी वळणाऱ्या बायाबापड्यांच्या गल्लीत. व्यापाऱ्यांच्या क्लबात किंवा बंगल्यांच्या वसाहतीत अशी फेरी शिरल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. हमालाच्या ओठातली विडी म्हणजे व्यसन आणि साहेबांच्या बोटातली सिगारेट म्हणजे शौक, हा आपल्या पांढरपेशा समाजाचा न्याय! या न्यायाने तंबाखू कधीही सुटणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी आकडे पाहा. २०१६-१७ च्या सरकारी प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २८.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. सिगारेट ओढणारे फक्त ४ टक्के, विडी ओढणारे ७.७ टक्के आणि तंबाखू खाणारे वा लावणारे तब्बल २१.४ टक्के! म्हणजे या देशातली तंबाखू मुख्यतः कष्टकऱ्याच्या तळहातावर चुन्याबरोबर मळली जाते, आणि मिश्री होऊन आयाबहिणींच्या दातांना लागते. तरीही आपल्या सभागृहातील फलकावर चित्र असते ते सिगारेटवर मारलेल्या फुलीचे. ज्याला सांगायचे त्याची तंबाखू त्या चित्रात नाहीच!

गरीब माणूस तंबाखू खातो तो अडाणी म्हणून, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. हे साफ खोटे आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्याला, रात्रपाळी करणाऱ्याला, ऊस तोडणाऱ्याला तंबाखूने भूक मरते आणि झोप उडते, हे नेमके ठाऊक असते. दोन रुपयांत भूक मारणारी दुसरी वस्तू बाजारात आहे कोणती? कॅन्सर होतो हेही त्याच्या कानावर आलेले असते. पण वीस वर्षांनी होणाऱ्या रोगापेक्षा आजचा दिवस ढकलणे त्याला निकडीचे वाटते.

शिवाय ही चीज गरिबाने शोधलेली नाही. पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. १६०४ च्या सुमारास असद बेगाने विजापूरहून तंबाखू आणि रत्नजडित हुक्का नेऊन अकबर बादशहापुढे ठेवला. म्हणजे हा मूळचा दरबारी थाट! १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली, ती कोणी जुमानली नाही. वरच्यांनी रुजवलेली सवय खाली झिरपली. आता शिकलेली माणसे ती हळूहळू सोडत आहेत, आणि जी खाली राहिली त्यांना नावे ठेवत आहेत.

सीमाभागातल्या माणसाला तर हे सांगायलाच नको. निपाणीचे नाव देशभर झाले ते तंबाखूने. पण या व्यापारात खाल्ल्या कोणी आणि खस्ता कोणी? १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक रास भावासाठी निपाणीच्या महामार्गावर बसला, आणि गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. त्याच काळात वखारींत तंबाखूचा खकाणा नाकातोंडात घेत राबणाऱ्या स्त्रियांनी संघटना बांधली. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. पिकवणारा गरीब, कुटणारी गरीब, वळणारी गरीब आणि शेवटी ओढून खोकणाराही गरीब. नफा तेवढा दुसरीकडे!

आता सरकारचे पाहू. २०२५ मध्ये कर्नाटकात अमलात आलेल्या दुरुस्तीने तंबाखू विक्रीची वयोमर्यादा १८ वरून २१ केली आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाचा दंड २०० वरून १००० रुपयांवर नेला. वयोमर्यादा वाढवली हे उत्तम झाले. कायद्याला आमचा विरोध नाही. पण हजार रुपये म्हणजे रोजंदारीवाल्याच्या घरची दोन दिवसांची चूल. काच वर करून गाडीत धूर सोडणाऱ्याला ही पावती कोण फाडणार?

आणि त्याच २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेने काय ठरवले? सिगारेटवर ४० टक्के कर, आणि विडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर! कारण काय, तर विडी गरिबाची. ही कसली दया? विडीचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य नाही. निकोटीन, डांबर, कार्बन मोनॉक्साइड काही कमी नाही. गरिबाला औषध महाग, डाळ महाग, शिक्षण महाग; स्वस्त काय, तर विष!

यावर म्हणतील, विडी महागली तर वळणाऱ्या बायका उपाशी मरतील. पण विडी स्वस्त राहते ती त्यांच्याच मजुरीच्या जोरावर, हे का सांगत नाहीत? विडी कामगारांसाठी कायदा १९६६ मध्येच झाला होता. तरी हजार विड्यांची मजुरी आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा हिशेब आजही ठेकेदाराच्याच हाती आहे. विडीवर कर जरूर वाढवा, पण तो पैसा त्याच बायकांच्या नव्या रोजगारावर, त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर आणि तोंडाच्या तपासणीवर खर्च करा. नुसता कर म्हणजे लूट, आणि नुसती सूट म्हणजे फसवणूक.

तंबाखू सुटते ती उपदेशाने नव्हे. ती महाग झाली, सुटी मिळेनाशी झाली आणि सोडू पाहणाऱ्याला हात मिळाला, तर सुटते. १८००-११-२३५६ हा मोफत सल्ल्याचा क्रमांक पाकिटावरच छापलेला असतो. पण सुटी विडी, सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतेच कुठे? प्रत्येक तालुका दवाखान्यात सोडण्याची औषधे आणि समुपदेशन हवे, आणि सीमाभागात ते मराठीतून हवे. आपल्या म्हातारीला मिश्री सोडण्याचे सल्ले तिला न कळणाऱ्या भाषेत देऊन काय उपयोग?

सरकारकडे मागण्या करताना आपल्या जुन्या घराण्यांकडेही आमच्या मागण्या आहेत, आणि त्या आम्ही तितक्याच ठणकावून मांडतो. लग्नकार्यातल्या पानाच्या तबकातून तंबाखू काढा. गणेशोत्सवाच्या कमानीवर पानमसाल्याची जाहिरात घेऊ नका. वर्गणी कमी पडली तर मांडव लहान घाला. शेतावरच्या गड्याला मजुरीबरोबर तंबाखू-चुना देण्याची चाल बंद करा आणि तेवढे पैसे रोख द्या, वेळेवर जेवणाची सुट्टी द्या. आजोबांच्या सिगारेटसाठी नातवाला टपरीवर पाठवू नका. महिला मंडळांनी हळदीकुंकवाला वाण म्हणून एकदा दंतवैद्याची तपासणी ठेवावी. तोंडातला पांढरा चट्टा वेळेत दिसला तर जीव वाचतो.

हे करायला ना आंदोलन लागते, ना शासनाचा आदेश. आणि हे केल्यावर मग हमाल वस्तीत जरूर फेरी काढा. तेव्हा तिथला माणूस तुमचे ऐकेल. दिवाणखान्यातली रक्षापात्रे आधी बाहेर काढा, मगच गल्लीत घोषणा द्या!