ओढ्याला भिंत, आम्हाला बाक

आमच्या ओढ्याकाठी या आठवड्यात फलक झळकला : 'सुशोभीकरणाचे काम चालू आहे'. म्हणजे काय, हे या स्तंभाच्या वाचकांना सांगायला नको. दोन्ही अंगांना सीमाभिंत, भिंतीलगत पेव्हिंग ब्लॉक, वर चार सिमेंटचे बाक. उंबर, करंज 'मध्ये येत होते', ते गेले.

पाण्याला अंग चोरायला लावलं की ते कधीतरी आपल्या अंगावर येतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने ते दाखवलं. त्यावरून आपण शिकलो काय, तर भिंत आणखी उंच हवी!

सिंगापुरातही पाण्याला जागा अपुरी पडत होती. बिशान उद्यानाच्या कडेने कलांग नदी २.७ किलोमीटरच्या सरळसोट काँक्रीट कालव्यातून जायची. पलीकडे सरकारी घरं, मध्ये कुंपण. कालवा रुंद करून वर पुन्हा काँक्रीट ओतता आलं असतं. त्यांनी तो फोडला. २०१२ मध्ये उद्यान नव्याने खुलं झालं, तेव्हा तीच नदी ३.२ किलोमीटर वळणं घेत वाहत होती. काठ दगडांनी आणि झाडोऱ्याच्या मुळांनी धरलेले. कालव्याची रुंदी १७ ते २४ मीटर होती. आता मोठ्या पावसात नदी जवळजवळ १०० मीटर पसरते. एरवी त्याच उतारावर पोरं खेळतात. इशारा झाला की माणसं वर सरकतात. एकच जमीन दोन पाळ्यांत राबते. पुढे तिथे पाणमांजरांचं कुटुंबही नांदू लागलं, उद्घाटनाला न बोलावता.

'त्यांच्याकडे पैसा आहे हो!' असेल. पण भिंत काय फुकट येते? तिथे पाणीखातं आणि उद्यानखातं एका नकाशावर वाकली. आपल्याकडे ओढा एका खात्याचा, झाड दुसऱ्याचं, पेव्हिंग ब्लॉक मात्र सगळ्यांचे. या शहरात ब्लॉकची वंशवृद्धी झाडांपेक्षा जोरात होते, हा माझा जुना सिद्धांत. पुरावा मागू नका, चालून बघा.

दाट वस्तीत ओढ्याला १०० मीटर मिळणार नाहीत, मान्य. पण वरच्या अंगाला अजून मैदानं आहेत, उद्यानं आहेत. ती भराव घालून उंच करण्याऐवजी खोलगट ठेवली, तर पावसाळ्यात चार तास पाणी थांबेल आणि उरलेलं वर्ष माणसं, पाखरं वापरतील. म्हणून पुढच्या निविदेत एकच रकाना वाढवा : 'पूर आल्यावर पाणी कुठे पसरेल?' उत्तर 'भिंत आहे' असं आलं, तर निविदा परत पाठवा. बाकांसकट.