भिंतीच्या बुरशीला बागेतलं औषध नको

श्रावण सरत आला की आम्हा कृषी खात्याच्या माणसांना एक प्रश्न हमखास ऐकायला मिळतो. पिकाची सगळी चर्चा उरकते, चहा होतो, आपण गाडीला किक मारणार तेवढ्यात घरधनी हळूच विचारतो, ''साहेब, आतल्या खोलीच्या भिंतीला बुरशी धरलीय. कोणतं औषध मारू?''

हा प्रश्न मलाही एकाने विचारला होता. दिंडोरी तालुक्यातला चांगला जाणता द्राक्ष बागायतदार. मी हसण्यावारी नेलं. भिंतीची बुरशी हे काही माझं खातं नव्हे, असं मनात म्हटलं आणि निघालो. पुढच्या पावसाळ्यात त्याच वस्तीवर गेलो, तर दाराशी पाठीवरचा पंप धुऊन उपडा घातलेला. आतल्या भिंतीवर पिवळसर पांढरे ओघळ. बागेतून उरलेलं एम-४५ त्याने भिंतीवर दाबून मारलं होतं. त्याच भिंतीला लागून नातवाची झोळी टांगलेली, आणि पलीकडे खाटेवर म्हातारी आई खोकत बसलेली. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, ''बागेतली डाऊनी आटोक्यात येते, मग भिंतीची बुरशी काय चीज आहे?''

त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. त्याने विचारलं होतं, उत्तर मी दिलं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी हे औषध भिंतीवर का चालत नाही ते पाहू. द्राक्षवाल्याला हे समजावून सांगायची खरं तर गरज नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, दव पडलं, पान तासन् तास ओलं राहिलं की डाऊनी येणार, हे तुम्हाला आमच्याहून जास्त कळतं. पान कोरडं असेल तर बुरशीचे बीजाणू येऊनही काही करू शकत नाहीत. भिंतीचंही तेच. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते कुणालाच हटवता येत नाहीत. त्यांना रुजायला ओल लागते. स्लॅब गळतोय, पायातून ओल वर चढतेय, खिडकी बारा महिने बंद आहे, अशा भिंतीवर औषध मारणं म्हणजे बांध फुटलेला ठेवून रान उपसत बसणं. चार दिवस डाग फिका दिसतो, पुन्हा काळा होतो. शिवाय मेलेली बुरशीसुद्धा छातीला त्रास देते. ती नुसती मारून भागत नाही, पुसून काढावी लागते.

आता धोक्याचं बोलू. आपल्याकडे प्रत्येक औषधाला १९६८च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी मिळते ती ठराविक पिकासाठी आणि ठराविक प्रमाणासाठी. एम-४५च्या पुड्यावर पिकांची नावं आहेत, राहत्या खोलीचं नाव कुठेही नाही. पुड्यावरचा हिरवा त्रिकोण पाहून काही जण निर्धास्त होतात. हिरवा त्रिकोण म्हणजे इतर रंगांपेक्षा कमी विषारी, निर्धोक नव्हे. रानात मारलेल्या औषधावर ऊन पडतं, पाऊस पडतो, वारा लागतो, हळूहळू अंश कमी होतो. बंद खोलीत ना ऊन ना पाऊस. औषध भिंतीवरच वाळतं, त्याची पूड होते, अंथरुणावर पडते, रांगणाऱ्या पोराच्या हाताला लागून तोंडात जाते.

२०१० साल नाशिककर विसरलेले नाहीत. क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या, म्हणजे आपल्या लिहोसीनच्या, अंशापायी युरोपात आपली द्राक्षं अडली आणि बागायतदार कर्जात गेले. तेव्हापासून आपण काढणीपूर्वीचे दिवस बोटावर मोजतो, नमुने तपासून घेतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या पोटात अंश जाऊ नये म्हणून एवढी काळजी, आणि आपल्या नातवाच्या झोळीशेजारी तेच औषध विनामोजमाप? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं दगावली. ती औषधं वेगळी आणि जास्त जहाल होती हे खरं, पण तीही उघड्या रानात मारलेली होती. बंद खोलीत पंप चालवण्याआधी एवढं तरी आठवावं.

बुरशीचं भय अजिबात धरू नये, असं मात्र मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातल्या ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर, बुरसट घरात राहणाऱ्यांना खोकला, दमा, श्वासाचे विकार जास्त होतात, हा तिचा निष्कर्ष. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत 'काळ्या बुरशी'ने लोक हवालदिल झाले. तेव्हा पुष्कळांनी भिंतीवरचा काळा डाग म्हणजेच तो रोग, असं धरलं. तसं नाही. तो म्युकरमायकोसिस. त्याची बुरशी वेगळी, आणि तो मुख्यतः आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह, स्टेरॉईडचा मारा किंवा खचलेली प्रतिकारशक्ती असणाऱ्यांना गाठतो. पण त्यातून एक धडा घ्यावा. घरातल्या मधुमेही, दमेकरी, गरोदर, म्हाताऱ्या माणसाला आणि लेकरांना बुरशी झाडायच्या कामाला लावू नये, साफसफाई चालू असताना त्या खोलीत थांबूही देऊ नये. आपल्याकडे नेमकं उलट होतं. हे काम सुनेच्या नाहीतर म्हातारीच्या गळ्यात पडतं.

आता करायचं काय, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, ती बुरशीच आहे का बघा. भिंतीच्या बुडाशी पांढरा भुसभुशीत थर दिसला तर पाण्याचा थेंब टाका. विरघळला तर तो लोणा, मातीतला खार वर आलेला. विरघळला नाही, कुबट वास आला, तर बुरशी. ओलीचं मूळ मात्र दोन्हीकडे शोधावंच लागतं.

दुसरं, पाणी बंद करा. स्लॅबवर पाणी कुठे साचतं, कोब्याला तडा कुठे आहे, पन्हाळ तुंबलीय का, मोरीचं पाणी भिंतीत मुरतं का, गोठ्याचा ओघळ पायाशी येतो का, हे भर पावसात फिरून बघा. हे केल्याशिवाय पुढचं सगळं फुकट.

तिसरं, कोरड्या झाडूने झाडू नका. बुरशी झाडली की बीजाणू घरभर उडतात. खिडक्या-दारं उघडा, आतल्या घराकडचं दार लावा, पंखा बंद ठेवा. करोनाच्या दिवसांतला एन-९५ मास्क असेल तर तो लावा, उपरणं बांधून बारीक धूळ थांबत नाही. हातात रबरी मोजे, डोळ्यांना फवारणीचा चष्मा. भिंत आधी ओली करा, मग साबणाच्या पाण्याने चिंधीने पुसा, ब्रशने घासा. चिंध्या पिशवीत बांधून टाकून द्या. गुळगुळीत फरशीला, रंगवलेल्या भिंतीला, लोखंडी कपाटाला बहुधा एवढं पुरतं.

चौथं, डाग जात नसेल किंवा पुराचं पाणी शिरलं असेल, तर ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर चालते. ताजी पावडर असेल तर १० लिटरच्या बादलीला १०० ग्रॅम. अंगणात कालवा, गाळ बसू द्या, वरची निवळी वापरा. साबण धुऊन झाल्यावर ती भिंतीला लावा, थोड्या वेळाने साध्या पाण्याने पुसा. लोखंड गंजतं आणि रंगीत कापड विटतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि एक पक्कं लक्षात घ्या, टीसीएलमध्ये संडास धुवायचं अॅसिड कधीही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीत माणूस गुदमरतो. अमोनिया असलेलं कुठलं द्रावणही त्यात नको. दोन औषधं एकत्र केली की जोर वाढतो ही बागेतली सवय घरात आणू नका.

पाचवं, भिंत पुरती सुकू द्या, मगच रंग. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट दिला की ओल आत कोंडते आणि पोपडे येतात. त्यापेक्षा चुन्याची सफेदी बरी. चुना क्षारधर्मी असतो, ताज्या चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही, आणि भिंतीला श्वासही घेता येतो.

हे सगळं साधारण तीन फूट बाय तीन फूट डागासाठी. खोलीची खोली काळी पडली असेल, छताचा गिलावा सुटत असेल, तर जाणता गवंडी बोलवा.

२००८चा सप्टेंबर, २०१६चा आणि २०१९चा ऑगस्ट गोदाकाठाने पाहिला आहे. नाशकात दुतोंड्या मारुती बुडाला की खाली सायखेडा-चांदोरीकरांच्या पोटात गोळा येतो. पूर ओसरल्यावर पहिले दोन-तीन दिवस फार मोलाचे. चिखल काढून, सामान बाहेर आणून घर उघडं टाकलं तर बुरशी धरायला वेळ मिळत नाही. भिजलेल्या कापसाच्या गाद्या, उशा वाळवून ठेवायचा मोह होतो, पण आत कुजलेला कापूस साफ होत नाही. त्या टाकाव्यात. गोधडी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात घालता येते.

भिंतीनंतर कणगीकडे वळतो, कारण हे मात्र पुरतं माझ्या खात्याचं आहे. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी घरात साठवला आणि खाल्ला. त्यावर वाढलेल्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिन विषाने काविळीची साथ आली. सुमारे ४०० माणसं आजारी पडली, १०६ दगावली. ती गरीब माणसं होती, दुसरं धान्य नव्हतं. आज आपल्या येवला, मालेगाव, बागलाणात मका भरपूर आहे आणि काढणीला पाऊस गाठतोच. हे विष शिजवून, भाजून जात नाही, धुऊनही पुरतं निघत नाही. बुरसटलेला मका किंवा शेंगदाणा स्वतः खाऊ नये, आणि 'फेकण्यापेक्षा गाईला' असंही करू नये. गाईच्या दुधातून ते पुन्हा आपल्याच पोरांच्या पेल्यात येतं. धान्य दाताखाली कटकन फुटेपर्यंत वाळवा, पोती जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला.

शेवटी एक कडू वाटणारी गोष्ट. जुन्या कौलारू घरात धूर होता, उंदीर होते, पण कौलातून वारा खेळायचा. आता इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या झोडपून काढणाऱ्या पावसात आपण सपाट स्लॅबची घरं बांधतो. खिडकी एक, तीही चोराच्या भीतीने बंद. घरकुलाच्या पैशात भागवताना पायावरचा डीपीसीचा थर आणि खिडकीवरचा छज्जा हेच आधी कापले जातात. मग पाच वर्षं औषधावर खर्च होतो. ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते, तेव्हा छज्जा आणि दुसरी खिडकी आहे का, हेही कुणीतरी विचारायला हवं.

कृषी सेवा केंद्रवाल्यांनाही विनंती आहे. 'भिंतीला मारायला द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला पुडा देऊ नका, साबण आणि गवंडी सुचवा. आणि आम्ही खात्याच्या लोकांनी पीकसंरक्षणाच्या बैठकीत पाच मिनिटं घरातल्या भिंतीसाठी काढली, तर आमचं काही बिघडत नाही.

त्या बागायतदाराने नंतर साबणाच्या पाण्याने भिंत धुतली, स्लॅबचा तडा बुजवला आणि झोळी दुसऱ्या खोलीत टांगली. उरलेलं एम-४५ कुलूपबंद पेटीत गेलं. तुमच्या घरातला पंप आणि पुडा आज कुठे आहे, तेवढं हा कागद खाली ठेवल्यावर एकदा बघा.