हंगामी सत्तेची मुदत

थायलंडमधील घडामोडींकडे आपल्या वृत्तपत्रवाचकाचे लक्ष क्वचितच जाते. लष्कराने सत्ता घेतली, राज्यघटना गुंडाळली, निवडणुकीचे आश्वासन दिले, एवढ्या तीन ओळींत तेथील बातमी संपते. १९३२ पासून डझनभर उठाव पचवलेल्या देशाविषयी याहून अधिक कुतूहल वाटू नये हेही स्वाभाविकच आहे. तथापि २२ मे २०१४ च्या उठावानंतर तेथे घडलेली एक गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षकांनी व कारकुनांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. जनरल प्रयुत चान-ओचा यांच्या राजवटीने राष्ट्रीय निवडणूक तर लांबवलीच, पण त्याच वर्षी स्थानिक संस्थांच्या निवडणुकाही थांबवल्या. संसदेची निवडणूक २४ मार्च २०१९ रोजी झाली. प्रांतिक संस्थांची २० डिसेंबर २०२० रोजी झाली, आणि राजधानी बँकॉकच्या गव्हर्नरची तर २२ मे २०२२ रोजी, म्हणजे उठावाला आठ वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी. देशात मुलकी राजवट परतली असे जगाने म्हटल्यावरही गावचा नळ आणि गल्लीतला दिवा नेमणुकीच्या किंवा मुदत संपलेल्या माणसांच्याच हाती राहिला होता.

महाराष्ट्रात उठाव झाला नाही, कोणी रणगाडा रस्त्यावर आणला नाही, विधानसभेच्या निवडणुका वेळच्या वेळी पार पडल्या. हा भेद लहान नव्हे, आणि तो पुसून टाकणारी तुलना खोटी ठरेल. पण २०१७ च्या फेब्रुवारीत निवडून आलेल्या आपल्या जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. मुख्य कार्यकारी अधिकारी प्रशासक झाले, पंचायत समित्यांत गटविकास अधिकारी प्रशासक झाले, आणि 'काही काळापुरती' म्हणून झालेली ही व्यवस्था २०२५ चे वर्ष संपले तरी उठली नव्हती. नगरपरिषदांचे मतदान २०२५ च्या डिसेंबरात झाले. तेथेही मधली सुमारे चार वर्षे लोकप्रतिनिधींवाचून गेली. पंचायतीची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असे राज्यघटनेच्या २४३-ई या अनुच्छेदात स्वच्छ शब्दांत लिहिले आहे. शब्द इतके स्वच्छ असताना वर्षे कशी गेली?

कारणे सर्वश्रुत आहेत. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ च्या निकालात तिहेरी कसोटी घालून दिली. मग बांठिया आयोग, मग सत्तांतर, मग प्रभागांच्या संख्येचा वाद, मग 'जैसे थे' आदेश. शेवटी ६ मे २०२५ रोजी न्यायालयानेच चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले आणि पुढे ती मुदतही ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. यात आपल्या जिल्ह्याची अडचण खरी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्येत अनुसूचित जमाती सुमारे साडेअठरा टक्के व अनुसूचित जाती सुमारे बारा टक्के आहेत. त्या प्रमाणातील जागांत इतर मागासवर्गीयांच्या सत्तावीस टक्के मिळवल्या की पन्नास टक्क्यांची रेषा ओलांडली जाते. म्हणजे ज्या जिल्ह्यात आदिवासी व दलित अधिक, त्याच जिल्ह्यात निवडणुकीला अडथळा अधिक! प्रत्येक पायरीला कारण होते, आणि प्रत्येक कारण कायदेशीर होते. बँकॉकमध्येही २०१५ साली होणार म्हणून सांगितलेली निवडणूक २०१९ पर्यंत सरकली, तेव्हा दर वेळी एक सभ्य कारण दिले गेलेच होते.

या जिल्ह्याने तरी ही गोष्ट निमूटपणे सोसू नये, यास एक ऐतिहासिक आधार आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा ज्या समितीच्या शिफारशींतून जन्मल्या, तिचे अध्यक्ष पुसदचे वसंतराव नाईक होते. तेव्हा ते महसूलमंत्री होते. समितीने १९६१ च्या मार्चमध्ये २२६ शिफारशींचा अहवाल दिला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. महसूल खात्याच्या मंत्र्याने जिल्हाधिकाऱ्यास ग्रामीण विकासाच्या कारभारापासून बाजूला ठेवावे, ही त्या अहवालातील धाडसाची गोष्ट होय. इंग्रजांनी शंभर वर्षे ज्या एका खुर्चीत सारा जिल्हा बसवला होता, तिच्यासमोर निवडून आलेली सभा उभी करण्यात आली, आणि सरकारी अधिकारी त्या सभेचा मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजे तिचे निर्णय अंमलात आणणारा, ठरला.

प्रशासकीय राजवटीत नेमके हेच नाते उलटते. योजना मांडणारा, तिला मंजुरी देणारा आणि ती राबवणारा हे तिघेही एकच गृहस्थ होतात. ते गृहस्थ सचोटीचे असू शकतील, नव्हे, पुष्कळदा असतात. परंतु आपल्याच प्रस्तावावर आपणच सर्वसाधारण सभेचे अधिकार वापरून सही करणे ही व्यवस्था सज्जनासही बिघडवणारी आहे.

येथे शिक्षक-वाचक माझ्यावर रागावतील हे मी जाणतो. पुष्कळांनी खाजगीत सांगितले आहे की प्रशासकाच्या काळात बरे चालले होते. सदस्यांच्या चिठ्ठ्या नाहीत, बदलीसाठी कोणाच्या दारी उभे राहणे नाही, शाळेत येऊन आवाज चढवणारे कोणी नाही. ही तक्रार निराधार नाही. आपल्या सदस्यांतील काहींनी या संस्था ठेकेदारीचा अड्डा केल्या, हेही जनतेने पाहिले आहे. पण लष्करी राजवटींचे समर्थन सर्वत्र याच वाक्याने सुरू होते, की निदान शांतता आहे, कामे होत आहेत, पुढाऱ्यांची कटकट नाही. वाईट सदस्यास पाच वर्षांनी घरी पाठवता येते. प्रशासकाच्या वाईट निर्णयाविरुद्ध घाटंजीच्या किंवा झरी जामणीच्या शेतमजुराने कोठे जावे? निवेदन द्यावे, आणि पोच घ्यावी. कटकट हा लोकशाहीचा खर्च आहे. तो वाचवला असे आपण म्हणतो तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर पडलेला असतो.

अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला हिशेबाची बाजू अधिक टोचते. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील ८० टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला ठरलेला होता. पण निवडून आलेली संस्था अस्तित्वात नसेल तर तिला अनुदान नाही, अशी अट आहे. आणि आयोगाचा कालावधी २०२५-२६ या वर्षाबरोबर संपणारा. निवडणूक लांबवण्याची किंमत अशा रीतीने जिल्ह्यानेच मोजली आहे. पाणीपुरवठा, स्वच्छता, रस्त्याच्या मोऱ्या यांवर जो पैसा लागला असता, तो मागायला हक्काचा धनीच नव्हता. मुंबईतील वकिलांच्या युक्तिवादात या मोऱ्यांचा उल्लेख आला नसावा.

लांबणीची सवय आपल्याला जुनीच आहे. १९७९ साली निवडणुका झाल्यावर राज्यातील जिल्हा परिषदांच्या पुढच्या निवडणुका थेट १९९२ साली झाल्या. मुदतवाढींचा तो देशभरचा अनुभव गाठीशी होता म्हणूनच त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीत पाच वर्षांची मर्यादा इतक्या ठामपणे घातली गेली. आणि तीस वर्षांत आपण तिला वळसा घालण्याची वाट शोधून काढली.

उलट उदाहरणही मराठी माणसाच्या शेजारीच आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेथे प्रत्यक्ष लष्करी अंमल होता, आणि सैन्याचे नेतृत्व केलेले मेजर जनरल कँडेथ लष्करी राज्यपाल होते. साडेचारशे वर्षांची परकी सत्ता नुकतीच गेलेली. मतदारयाद्याही नव्याने करावयाच्या. तरी १९६२ च्या जूनमध्ये लष्कराने कारभार मुलकी नायब राज्यपालांकडे सोपवला, त्याच वर्षी पंचायतींच्या निवडणुका झाल्या, १९६३ च्या डिसेंबरात विधानसभेसाठी मतदान होऊन दयानंद बांदोडकर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आले. सेनापतीच्या हातून लोकांच्या हाती सत्ता येण्यास दोन वर्षे लागली. मतदारयाद्या तयार, यंत्रे तयार, साठ वर्षांची परंपरा पाठीशी, आणि तरीही आपल्या जिल्हा परिषदेस त्याच्या जवळजवळ दुप्पट काळ पुरला नाही. गोव्यात दिल्लीला निवडणूक हवी होती. येथे कोणत्याही पक्षाच्या सरकारला ती मनापासून हवी होती, असे म्हणण्यास मला पुरावा सापडत नाही. सदस्य नसले की निधीचे वाटप मंत्रालयातून आणि आमदारांमार्फत अधिक सोयीने होते.

माझ्या वर्गात 'स्थानिक वित्तव्यवस्था' हा घटक शिकवताना मी विद्यार्थ्यांस विचारतो, की जिल्हा परिषदेसाठी कोणी मतदान केले आहे? २००० साली जन्मलेला तरुण २०२५ च्या अखेरीस पंचवीस वर्षांचा झाला, तरी त्याला ती संधी एकदाही मिळालेली नव्हती. त्याच्या लेखी जिल्हा परिषद म्हणजे भरतीची जाहिरात देणारे एक कार्यालय.

थायलंडचा धडा निवडणुकीच्या तारखेपाशी संपत नाही, आणि आपलाही संपू नये. २०१७ च्या तेथील राज्यघटनेने लष्करी परिषदेचे सारे आदेश २७९ व्या कलमान्वये कायदेशीर ठरवून ठेवले, आणि नेमलेल्या अडीचशे सिनेटरांना पंतप्रधान निवडण्याचा अधिकार पाच वर्षांसाठी दिला. म्हणून २०२३ च्या मे महिन्यात सर्वाधिक जागा जिंकलेल्या मूव्ह फॉरवर्ड पक्षाचा नेता पंतप्रधान होऊ शकला नाही, आणि पुढल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो पक्षच न्यायालयाने विसर्जित केला. हंगामी राजवट उठते, पण जाताना ती घराची कुलपे बदलून जाते.

आपल्याकडे कुलपे एवढी मोठी नाहीत, पण आहेत. प्रशासकाने सभेच्या नावाने केलेले ठराव, दिलेली कामे, वळवलेला निधी, भाड्याने दिलेले गाळे व जागा यांची सलग यादी कोठेही लोकांपुढे ठेवलेली माझ्या पाहण्यात नाही. प्रशासकीय काळानंतर बसणाऱ्या प्रत्येक सभेने, मग ती नगरपरिषदेची असो की जिल्हा परिषदेची, पहिल्याच बैठकीत सत्काराचे हार बाजूला ठेवून ही यादी मागावी, तिच्यावर ठरावागणिक चर्चा करावी आणि इतिवृत्त मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे. हा दस्तऐवज तयार करण्याचे काम कारकून-वाचकांपैकीच कोणाच्या तरी टेबलावर येईल. जावक क्रमांकांची वही त्यांनी आतापासूनच जपून ठेवावी.