अर्पण ठेवण्याआधी

सुगीचा उपकारस्तुतीचा रविवार जवळ आला की आपल्या मंडळ्यांत धांदल सुरू होते. वेदीपुढे ज्वारी-बाजरीची पोती येतात, लाल भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, उसाची मोळी, एखादी कोंबडी, एखादं करडू. उपासना झाली की लिलाव. साधा नारळ चढत्या बोलीने हजारावर जातो, पोरंटोरं टाळ्या पिटतात, पैसा मंडळीच्या कामी येतो. यात वावगं काही नाही. बोली चढवणाऱ्याचं लक्ष नारळापेक्षा शेजारच्या बाकाकडे जास्त असतं, तेवढं सोडलं तर.

या वर्षी सणाच्या आधी एक काम करा, एवढंच मागणं घेऊन हे लिहितो आहे. काम येशूनेच सांगितलेलं आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पणाविषयी मोठी अडचणीची सूचना आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण दे. तक्रार कोणाच्या मनात आहे ते बघा. आपल्या नव्हे, त्याच्या. आपण मात्र नेहमी उलटं धरून चालतो: मला त्याच्याविषयी काही वाटत नाही, म्हणजे माझी पाटी कोरी.

हे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी होती यरुशलेमेच्या मंदिरात. मधे तीन-चार दिवसांची पायपीट. एवढं चालून आल्यावर हातातलं तिथेच ठेवायचं, घरी परतायचं, भावाशी बोलायचं आणि पुन्हा तेवढंच चालायचं. ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी नक्की हसलं असेल. आपल्याला तर बहुतेक वेळा एक बांध ओलांडायचा असतो, नाहीतर एक फोन लावायचा असतो.

कोणाकडे जायचं? पहिलं नाव बहिणीचं घ्या. वडील गेले, सातबाऱ्यावर नावं लावायची वेळ आली, की बहिणीला जेवायला बोलावतात, साडी देतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. मृत्युपत्र नसेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. आपल्याकडे हे ठाऊक असलेलेही गप्प बसतात, कारण गप्प बसणं फायद्याचं असतं. बहिणीने राजीखुशीने सही केली असेल तर प्रश्नच नाही. पण माहेर तुटेल या भीतीने केली असेल, तर त्या जमिनीतल्या बाजरीचं पोतं वेदीपुढे नेण्याआधी तिच्या घरी जा.

दुसरं नाव कामावरच्या माणसांचं. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, असं लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार वेळेवर देणं, ती आजारी पडली तर खाडा न कापणं, याला आपण औदार्य म्हणू लागलो आहोत. हे देणं लागत होतो ते दिलं, इतकंच. औदार्य त्याच्या पुढे सुरू होतं.

आता कृतज्ञतेबद्दल. आपण साक्ष द्यायला उभे राहतो तेव्हा देवाचे उपकार भरभरून मानतो: मुलगी पास झाली, ऑपरेशन नीट झालं, नोकरी लागली. त्यात रात्रपाळीच्या नर्सचं नाव नसतं. फीसाठी पैसे देऊन कधी विषयही न काढणाऱ्या शेजाऱ्याचं नसतं. तो शेजारी ख्रिस्ती नसेल तर मुळीच नसतं. देवाचे आभार मानले म्हणजे माणसांचे मानायची गरज उरत नाही, असा एक सोयीस्कर समज आपल्यात आहे. पौलाचा तो समज नव्हता. रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय बघा. वाचताना आपण तो गाळतो, कारण तिथे नुसती नावंच आहेत. दोन डझनांहून जास्त माणसं, त्यांत कितीतरी स्त्रिया, आणि बऱ्याच जणांपुढे त्यांनी काय केलं त्याची नोंद. रूफाच्या आईचा उल्लेख करताना ती मलाही आईसारखी, असं तो सांगतो. फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र तर तुरुंगातून पाठवलेली पोचपावतीच आहे: एपफ्रदीताच्या हाती तुम्ही पाठवलेलं मिळालं. तशी एक यादी तुम्हीही करा, आणि ती माणसं हयात असताना त्यांना भेटा.

दहा कुष्ठरोग्यांच्या गोष्टीत परत न आलेल्या नऊ जणांना आपण प्रवचनात फार झोडपतो. ते नऊ जण येशूने सांगितलं तेच करत होते. याजकाने तपासून शुद्ध ठरवल्याशिवाय त्यांना गावात पाऊल ठेवता येत नव्हतं. घरी बायको होती, पोरं होती. त्यांची घाई समजण्यासारखी आहे. आपलंही असंच होतं: कृतघ्नपणापेक्षा घाईमुळेच आभार जास्त वेळा राहून जातात. म्हणून आधी थांबायला शिका. आणि एक सावधगिरी: कृतज्ञता मागून घ्यायची नसते. ‘आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य ज्या घरात वारंवार बोललं जातं, तिथली सून, तिथला पुतण्या, तिथला आश्रित मुलगा आभार मानत नाही, हप्ते फेडत असतो.

देण्याविषयी फार लांबण लावत नाही, कारण प्रवचनांत त्याची उणीव नसते. तीनच गोष्टी सांगतो. शेत कापताना कडेचं पीक राहू द्यावं, विसरलेली पेंढी आणायला परत फिरू नये, ती परक्याची, अनाथाची, विधवेची, असा जुन्या कराराचा नियम आहे. रूथ सरवा वेचायला गेली ती याच नियमाच्या आधारावर. यात देणारा समोर उभा नसतो आणि घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही. आपल्या पाकिटांवर मात्र नाव असतं, रक्कम असते, आणि ती माइकवरून वाचली जाते. पंचकमिट्यांना विनंती आहे, या सणाला नावं वाचू नका. हिशेब चोख ठेवा, फलकावर लावा, पण नावांशिवाय. यंदा रक्कम थोडी कमी जमली तरी चालेल.

दुसरी गोष्ट मिझोरामची. तिथल्या मंडळ्यांत 1910 पासून एक रीत चालत आली आहे, ‘बुहफाई थाम’. प्रत्येक वेळी भात शिजवायला घेताना घरची बाई त्यातला मूठभर तांदूळ आधी वेगळा काढते. तो गोळा होतो, विकला जातो आणि त्यातून मंडळीचं मोठं काम उभं राहतं. मूठ काढायची ती शिजवण्याआधी, हे महत्त्वाचं. जेवून उरलेलं देणं वेगळं.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं औदार्य मराठी वाचकाला ठाऊक आहे. हातात पैसा टिकत नसे, आणि दारी आलेल्याला घरात जागा असे. पण लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचलं तर त्या औदार्याचा स्वयंपाक कोण करत होतं तेही दिसतं. देणाऱ्याचं नाव होतं, आणि रात्री पीठ संपल्याचं घरातल्या बाईला कळतं. टिळक मोठे होते, त्याबद्दल वाद नाही. तरीही सांगतो: तुमच्या दानाचा भार ज्याच्या अंगावर पडणार आहे त्याला आधी विचारा.

आता क्षमेकडे वळतो, कारण खरी अडचण तिथे आहे. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकर सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचं राजाकडचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, दीड लाख वर्षांहून जास्त. ते माफ झालं. मग त्याने सोबतच्या चाकराचा गळा धरला तो शंभर दीनारांसाठी. प्रवचनात या शंभर दीनारांना ‘क्षुल्लक’ म्हणतात ते मला पटत नाही. आजची मजुरी पाचशे रुपये धरली तर हे पन्नास हजार होतात. गरिबाचे पन्नास हजार कोणी बुडवले तर त्याची झोप उडते. येशूने त्या चाकराचं नुकसान खोटं ठरवलेलं नाही. नुकसान खरं, दुखणं खरं, आणि तरीही सोड, असं ते मागणं आहे. म्हणून दुखावलेल्या माणसाला ‘जाऊ दे, एवढं काय त्यात’ असं म्हणू नका. त्यात पुष्कळ असतं.

क्षमा म्हणजे विसरणं असंही आपण बोलून जातो. लक्ष्मीबाईंकडेच बघा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षं हा संसार दुभंगला. त्या काळातले हाल, टिळकांचा राग, त्यांचा लहरीपणा, सगळं त्यांनी लिहून ठेवलं. काही लपवलं नाही आणि कुठे विष कालवलं नाही. नवऱ्याला हसल्या, स्वतःलाही हसल्या. सगळं लख्ख आठवत असताना क्षमा कशी करावी, हे मराठीत शिकायचं असेल तर ते पुस्तक पुरे आहे.

एक गोष्ट मात्र मंडळीने कान उघडे ठेवून ऐकायला हवी. मार खाणारी बाई मदत मागायला येते, आणि तिला सत्तर वेळा सात हे वचन ऐकवून त्याच घरी परत पाठवलं जातं. हे पाप आहे. त्याच अठराव्या अध्यायात, त्या वचनाच्या थोडं आधी, काय लिहिलंय ते वाचा: अपराध्याला आधी एकट्याने सांग, नाही ऐकलं तर दोघांतिघांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला सांग, आणि मंडळीचंही ऐकलं नाही तर त्याला बाहेरचा समज. मनातून सूड सोडणं वेगळं आणि मारणाऱ्याच्या हाताखाली पुन्हा जाऊन राहणं वेगळं. अशा बाईला आधी सुरक्षित जागा द्या, 181 या महिला हेल्पलाइनला फोन लावून द्या, पोलिसांत जायचं असेल तर सोबत जा. क्षमेची गोष्ट ती स्वतः काढेल तेव्हा काढेल.

क्षमा आणि कायदा एकमेकांच्या आड येत नाहीत, हे सिस्टर राणी मरिया यांच्या घरच्यांनी दाखवून दिलं. त्या मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या उदयनगर भागात त्या आदिवासींमध्ये काम करत होत्या. सावकाराच्या दारात जाण्याऐवजी बँकेचं कर्ज कसं मिळवायचं हे लोकांना शिकवत होत्या, आणि तेच काहींना खुपलं. फेब्रुवारी 1995 मध्ये इंदूरला जाणाऱ्या बसमध्ये, लोकांदेखत, त्यांना भोसकून मारलं. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. 2002 मध्ये राखीच्या सुमारास राणी मरियांची सख्खी बहीण, तीही सिस्टरच, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे त्याच्या सुटकेला घरच्यांनी संमती दिली आणि 2006 मध्ये तो सुटला. खटला चालला, शिक्षा झाली, अकरा वर्षं तुरुंगात गेली, आणि राखीही बांधली गेली. यातलं काहीही एकमेकांऐवजी झालं नाही. नोव्हेंबर 2017 मध्ये इंदूरला राणी मरियांना ‘धन्यवादित’ घोषित केलं, तेव्हा तोही तिथे होता.

आपल्याकडून एवढ्या मोठ्या क्षमेची मागणी क्वचितच होते. आपली भांडणं बांधाची असतात, वाटणीची, लग्नातल्या मानपानाची, पंचकमिटीतल्या खुर्चीची. एकाच मंडळीतले दोन गट धर्मादाय आयुक्तांकडे एकमेकांविरुद्ध अर्ज करतात आणि एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेतात. त्यांनी निदान सणाआधी एकदा वकिलांशिवाय समोरासमोर बसावं.

समेटाला जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. फॉरवर्ड केलेला माफीचा मेसेज पाठवू नका, तो पन्नास जणांना गेलेला असतो. काही चुकलं असेल तर माफ करा, अशी मोघम भाषा नको. काय केलं ते नाव घेऊन सांगा. आपली बाजू मांडायचा मोह होईल, तो आवरा. समोरच्याने लगेच जवळ घेतलं नाही तर रागावू नका, वेळ घ्यायचा त्याला हक्क आहे. आणि पैशाचा, जमिनीचा मामला असेल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. जक्कयाने नुसती क्षमा मागितली नाही, लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं.

काही जण म्हणतील, ज्याच्याकडे जायचं तो माणूसच आता राहिला नाही. त्याचीही सोय करून ठेवली आहे. गणना पुस्तकाच्या पाचव्या अध्यायाप्रमाणे अपराध कबूल करायचा, घेतलेलं पूर्ण परत करायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. तो माणूस नसेल तर त्याच्या जवळच्या नातलगाला द्यायचं, आणि नातलगही नसेल तरच ते याजकाकडे जातं. मंडळीची पेटी तिथे सर्वांत शेवटी येते. तेव्हा आधी त्याच्या मुलाबाळांचा पत्ता शोधा.